गळती बंद

झिलू घाडी रिटायर झाला त्या पहाटे
त्यानं पाण्याची चावी माझ्या हातात दिली,
माझ्या छातीइतकी उंच, खाली चौकोनी तोंड,
आणि म्हणाला, चल, एकदा पायांनी पाठ करून घे.

मरोळच्या गावठाणातून निघालो पावणेचारला.
अकरा व्हॉल्व्ह. चाळीस मिनिटं,
दोन विड्या धरून.
क्रुसाकडून डावीकडे, मेंडोन्सांच्या विहिरीला वळसा,
पिठाच्या गिरणीमागची बोळ,
बोळीतून तबेला, तबेल्यातून शाळेचं मागलं फाटक.
"हयसून वळ," तो म्हणायचा, "नायतर थयसून.
नाय वळलस तरी पोचतलस."
मला वाटलं, म्हातारा भरकटलाय.

पुढं मी एकटा.
आधी तबेल्याच्या जागी पत्रे उभे राहिले,
निळे, त्यांवर पोहण्याच्या तलावाचं चित्र.
मग पत्र्यांमागून भिंत.
गिरणीमागची बोळ त्या भिंतीला जाऊन टेकली
आणि तिथंच राहिली,
कुलूप दिसूनही दारात थांबलेल्या पाहुण्यासारखी.

मोठा रस्ता रुंद झाला. दुभाजक, दिवे, नारळ फोडून फोटो.
शहर वाढलं तसे रस्तेही वाढले, असं साहेब म्हणतात;
नकाशावर लांबी वाढलीच आहे, खोटं नाही.
मी नाके मोजतो.
घाडीच्या फेरीत सत्तावीस नाके होते,
प्रत्येक जण विचारायचा, कुठून जातोस रे?
आता रस्ता विचारत नाही. सांगतो.
सरळ जा. पुलाखालून वळ. परत ये.
सातवा व्हॉल्व्ह आणि आठवा:
मधे नऊ इंची भिंत,
स्कूटरनं दोन किलोमीटर सहाशे.
आठवा हल्ली पोडियमच्या पार्किंगमधे राहतो.
वॉचमन मला रोज नवा समजून
वहीत नाव लिहायला लावतो.
येण्याचे कारण: पाणी.

पाइप मात्र सरळच जातो.
त्याला कुणी कळवलं नाही.
बोळीखालून, भिंतीखालून, लॉनखालून,
जुन्या वाटेनं, अंधारात,
सहा इंच व्यासाचा.

मार्गशीर्षात तो फुटला. बरोबर भिंतीखाली.
दोन्हीकडे ओल, दोन्हीकडून तक्रार.
कंत्राटदारानं भगदाड पाडलं, माणूस वाकून जाईल एवढं,
खड्ड्यावर एक फळी टाकली.
दुपारी पाहतो तर फळीवरून अनसूया ठोंबरे,
बाराव्या मजल्यावर पोळ्या करणारी,
एका हातात पर्स, एका हातात साडीचा घोळ.
"रिक्षाचे तीस वाचले," म्हणाली, माझ्याकडे न बघता.
दुसऱ्या दिवशी शाळेची पोरं. इस्त्रीवाला, गठ्ठा आधी ढकलून.
पलीकडची एक बाई नाइट ड्रेसवर
गिरणीत नाचणी दळायला आली,
गिरणी आहे हे तिला त्याच दिवशी कळलं.
तिसऱ्या दिवशी इव्हेट मेंडोन्सा, वय ऐंशी,
चपला हातात घेऊन.
तिला कुठं जायचं नव्हतं.
पलीकडे गेली, परत आली,
पुन्हा गेली.

जोड एका दुपारीच बसला होता.
मी साहेबांना म्हटलं, अजून थोडं झिरपतंय,
दोन दिवस बघू या.
लोखंडी कांबीला कान लावून बसायचो खड्ड्याशी,
वर पावलं, खाली पाणी,
ऐकल्यासारखं करत.

पाचव्या दिवशी गवंडी आला. जेवणाच्या सुट्टीआधी आटोपला.
वहीत लिहिलं: गळती बंद. खाली सही.

रात्री घाडीला फोन केला, कणकवलीच्या पुढं त्याचं गाव.
सगळं सांगितलं, फळीसकट.
तो बराच वेळ खोकला.
मग विचारलं, सिमेंट खयचा होता?
मी नाव सांगितलं.
"मगे टिकतला ता," म्हणाला,
आणि फोन बायकोकडे दिला.